पुढे पिरेली, मागे मिशेलिन: पोर्शे ७१८ केमनवरच्या मिश्र टायरसंचाचे परीक्षण

स्पोर्ट्‌स कारच्या चार चाकांवर दोन निरनिराळ्या कंपन्यांचे टायर चालतात का, या प्रश्नाला गाडीसोबत मिळणारी माहितीपुस्तिका ठाम नकार देते आणि टायरचे दुकान तितक्याच ठामपणे ‘टायर म्हणजे टायर, साहेब’ असे सांगते. दोघांचेही हितसंबंध उघड आहेत आणि दोघांचेही उत्तर अर्धेच आहे. म्हणून हे परीक्षण एखाद्या एकट्या टायरचे नाही. पोर्शे ७१८ केमनच्या पुढच्या चाकांवर निम्मे झिजलेले पिरेली पी झीरो आणि मागच्या चाकांवर कोरे करकरीत मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ एस, अशा एका जोडणीचे ते आहे. ही जोडणी मी एका पूर्ण पावसाळ्यासह बराच काळ वापरली आणि नंतर पुढची जोडीही मिशेलिनचीच बसवून घेतली, त्यामुळे मिश्र संच आणि एकसारखा संच यांची तुलना एकाच गाडीवर आणि त्याच रस्त्यांवर करता आली.

मुळात अशी वेळ का येते, हे आधी सांगितले पाहिजे. केमनचे इंजिन चालकाच्या पाठीमागे, मागच्या चाकांच्या जरा पुढे बसवलेले असते आणि इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना मिळते. वजनाचा मोठा वाटा मागे असतो आणि गाडी ढकलण्याचे कामही मागच्याच टायरांना करावे लागते. १९ इंची रिमवर पुढे २३५/४० आणि मागे २६५/४० अशी वेगवेगळी मापे (पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या बाजूची उंची) असल्यामुळे पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे करून झीज वाटून घेण्याची सोय नाही. शिवाय मागच्या चाकांना वरून आतल्या बाजूला किंचित कल दिलेला असतो, म्हणून त्यांची आतली कड सगळ्यांत आधी जाते. उभ्या गाडीकडे बाहेरून पाहिले तर टायर ठणठणीत दिसतो. गाडी लिफ्टवर चढवल्यावर मात्र आतल्या बाजूने त्याचा पार गोटा झालेला आढळतो. थोडक्यात, पुढच्या टायरांत अजून निम्मे आयुष्य शिल्लक असताना मागची जोडी बदलावी लागणे हे या गाडीच्या रचनेतच आहे, आणि टायर मिसळायचे की नाहीत हा प्रश्न मालकापुढे येतो तो याच घडीला.

भारतात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाने जून २०२० मध्ये नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ वर्गातून ‘प्रतिबंधित’ वर्गात टाकली आणि तेव्हापासून त्यासाठी परवाना लागू लागला. भारतीय मानक ब्युरोच्या प्रमाणनाची अट त्याआधीपासूनच होती. आपल्या आसपास टायरचे कारखाने काही थोडे नाहीत. चाकणला ब्रिजस्टोनचा आहे, वाळूजला गुडइयरचा आहे, नाशिकला सिएटचा आहे. परंतु पोर्शेची खूण असलेला २६५/४० आर १९ हवा असेल, तर डोळे बंदराकडेच लावून बसावे लागते. त्यामुळे पुण्या-मुंबईत मिश्र संच घेऊन फिरणाऱ्या गाड्या दिसतात, त्यामागे मालकांचा कंजूषपणा क्वचितच असतो. हवा तोच टायर हव्या त्या महिन्यात मिळत नाही, हेच बहुतेक वेळा खरे कारण असते.

पोर्शेची खूण म्हणजे टायरच्या बाजूवर, मापाच्या जवळपास उमटवलेले ‘एन’ हे अक्षर आणि त्यापुढचा आकडा. टायर कंपनीने एखाद्या विशिष्ट पोर्शेसाठी बनवलेला आणि पोर्शेने स्वतः तपासून मान्य केलेला पहिला टायर ‘एन ०’ ठरतो. त्याच टायरची सुधारित आवृत्ती आली की ती ‘एन १’ होते आणि असे पुढे. बीएमडब्ल्यूची चांदणी, मर्सिडीजचे ‘एमओ’ आणि ऑडीचे ‘एओ’ या खुणा याच जातीच्या आहेत. दुकानदार या खुणेला निव्वळ जाहिरात म्हणतात, ते मला पटत नाही, कारण त्याच नावाच्या आणि त्याच मापाच्या टायरमध्ये खूण असलेल्या प्रतीचे रबराचे मिश्रण आणि आतली बांधणी वेगळी असू शकते. पण याच मुद्द्याची दुसरी बाजू फारसे कोणी बोलून दाखवत नाही. पोर्शेची शिफारस चारही टायर एकाच कंपनीचे आणि एकाच खुणेचे असावेत अशी आहे. म्हणजे पुढे ‘एन ०’ आणि मागे ‘एन १’ लावले, किंवा पुढे खुणेचे आणि मागे त्याच कंपनीचे बिनखुणेचे लावले, तर कंपनीच्या हिशेबाने तोही मिश्र संचच झाला. चारही टायरांवर मिशेलिन लिहिले आहे एवढ्याने समाधान मानणाऱ्यांनी खाली वाकून ती खूण एकदा वाचावी. माझे मागचे मिशेलिन बिनखुणेचे होते आणि पुढचे पिरेली खुणेचे होते. तेव्हा माझ्या संचात भेद दोन पातळ्यांवर होता.

कोरड्या रस्त्यावर आणि सरळ मार्गावर या संचात काहीही वावगे जाणवत नाही, हे प्रथम नोंदवतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर, ताशी १०० किलोमीटरच्या मर्यादेत, गाडी रुळावरून चालल्यासारखी सरळ जाते, स्टीअरिंग कोणत्याही बाजूला ओढत नाही आणि ब्रेक दाबल्यावर मागचा भाग हलत नाही. झिजलेले पिरेली काँक्रीटवर गुणगुणतात आणि नवे मिशेलिन गप्प राहतात, त्यामुळे आवाज फक्त पुढून येतो. ही गंमत पहिल्या प्रवासात लक्षात येते आणि मग विसरली जाते. केवळ कार्यालयात जाण्या-येण्यासाठी आणि शनिवार-रविवारी लोणावळ्याला जाण्यासाठी गाडी वापरणाऱ्या माणसाला दुकानदाराचे म्हणणे शंभर टक्के खरे वाटेल, आणि त्याच्या पुरते ते खरे असेलही.

ताम्हिणी घाटात मात्र चित्र बदलते. त्याचे कारण समजून घेण्यासाठी टायर वळणात नेमके काय करतो ते पाहावे लागेल. चाक ज्या दिशेला वळवले आहे आणि ते प्रत्यक्षात ज्या दिशेने सरकते आहे, या दोहोंत वळणावर नेहमी थोडा कोन असतो. टायरचे रबर आणि त्याची बाजू त्या कोनाएवढी पिळली जाते आणि त्या पिळण्यातूनच गाडीला वळवणारा आडवा जोर तयार होतो. किती कोनाला किती जोर मिळतो, हे प्रत्येक टायरच्या बाजूचा ताठपणा, पट्ट्यांची रचना, रबर आणि हवेचा दाब यांवर ठरते. पुढचे आणि मागचे टायर एकाच घराण्यातले असतील, तर गाडी तयार करणाऱ्या अभियंत्यांनी त्या दोन जोरांचे जे प्रमाण बसवलेले असते ते टिकते. एक जोडी बदलली की ते प्रमाण बदलते. मागच्या टायरांची पकड पुढच्यांपेक्षा कमी पडली तर गाडीचा मागचा भाग वळणाबाहेर सुटू पाहतो. पुढच्यांची कमी पडली तर गाडी वळायला नकार देत नाकासमोर जाऊ पाहते. इंजिन मध्यभागी असलेल्या गाडीत पहिला प्रकार फार झटकन घडतो आणि सावरायला फारच थोडा अवधी मिळतो. स्थैर्य राखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मदतीला धावून येते हे खरे, पण तिचेही आडाखे मान्य केलेल्या टायरांवर बसवलेले असतात.

माझ्या गाडीत प्रत्यक्ष जाणवले ते असे. वळणात शिरताना पिरेली लागलीच उत्तर देत, नाक आत वळे, आणि त्यानंतर क्षणार्धाने मागचा भाग आपली जागा पकडे. या अवधीत धोका नव्हता. खंड मात्र होता. एकापाठोपाठ एक डावी-उजवी वळणे आली की हा खंड प्रत्येक वेळी नव्याने जाणवे, आणि ज्या गाडीचे सारे कौतुक तिच्या स्टीअरिंगसाठी होते, तिच्या बाबतीत ही गोष्ट किरकोळ म्हणता येत नाही. परंतु याचा सगळा दोष ‘दोन कंपन्या’ या एका गोष्टीवर टाकणे चुकीचे होईल. नव्या टायरच्या ट्रेडची, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या थराची, खोली ८ मिलिमीटरच्या आसपास असते. इतके उंच रबराचे ठोकळे पायाशी लवतात, आणि निम्म्यावर आलेल्या टायरचे बुटके ठोकळे कमी लवतात. नव्या टायरच्या पृष्ठभागाची चकाकी जाऊन तो रस्ता नीट धरेपर्यंत पहिले दोनेकशे किलोमीटर जपूनच चालवावे लागते, ते वेगळेच. मागची जोडी थोडी झिजल्यावर हा खंड बराच कमी झाला, संपला मात्र नाही. जेवढा कमी झाला तेवढा नवेपणाचा होता आणि जेवढा उरला तेवढा मिश्रणाचा होता, असा माझा अंदाज आहे. आणि पुढेही मिशेलिन बसवल्यावर तो उरलेला भाग नाहीसा झाला, यावरून हा अंदाज फार चुकलेला नसावा. ब्रँड मिसळल्याच्या म्हणून ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांतल्या पुष्कळशा तक्रारी खरे तर नवे आणि जुने टायर मिसळल्याच्या असतात.

पावसात हाच खोलीचा मुद्दा सगळ्यांत वजनदार ठरतो. २६५ मिलिमीटर रुंदीचा टायर पाण्यावर तरंगायला अरुंद टायरपेक्षा लवकर तयार असतो, आणि ते पाणी बाजूला फेकण्याचे काम खाचांच्या खोलीवर अवलंबून असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९४ मोटारीच्या टायरसाठी किमान १.६ मिलिमीटर खोली मागतो. नियमाला खोलीची चिंता आहे, कंपनीच्या नावाची नाही. मुळशीच्या पुढे जुलैत जो पाऊस कोसळतो, त्याच्यासाठी १.६ ही मर्यादा मला हास्यास्पद वाटते. रुंद टायरांच्या गाडीने ३ मिलिमीटरच्या खाली गेल्यावर घाटमाथ्यावर जाऊच नये. माझ्या संचात मागे पूर्ण खोली आणि पुढे निम्मी, अशी स्थिती असल्याने साचलेल्या पाण्यात आधी पुढची चाके हलकी होत. स्टीअरिंग एकदम मऊ पडते, हाताला ते कळते, पाय आपोआप ॲक्सिलरेटरवरून उचलला जातो आणि गाडी पुन्हा जमिनीला लागते. हे सुखद नाही, पण समजणारे आहे. याच्या उलट स्थिती असती, म्हणजे पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असते, तर आधी मागची चाके तरंगली असती आणि त्याची सूचना गाडी फिरायला लागल्यावरच मिळाली असती. नवी जोडी नेहमी मागे लावावी, मग ताकद कोणत्याही चाकांना मिळत असो, असे मिशेलिनसह बऱ्याच टायर कंपन्या सांगतात, त्याचे कारण हेच आहे. आपल्याकडे बहुसंख्य गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या असल्यामुळे नवे टायर पुढे टाकण्याची दुकानांची सवय इतकी मुरलेली आहे की, चारही चाके एका मापाची असलेल्या गाडीच्या मालकाने तिथे उभे राहून सांगितल्याशिवाय ती मोडत नाही.

पायलट स्पोर्ट ४ एस हा टायर म्हणून वेगळे परीक्षण मागतो इतका चांगला आहे. येथे दोन ओळींत आटोपतो. २०१७ साली आलेल्या या टायरच्या ट्रेडमध्ये दोन प्रकारची रबरे आहेत, बाहेरची बाजू कोरड्या वळणांसाठी आणि आतली ओल्या रस्त्यासाठी, आणि ट्रेडखालच्या पट्ट्यात ॲरामिड हा अतिशय मजबूत कृत्रिम धागा व नायलॉन एकत्र विणलेले आहेत. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना तो जो विश्वास देतो त्याला माझ्या अनुभवात तोड नाही. पिरेली पी झीरो याच्या तोडीचा टायर आहे आणि नवा असताना माझ्या गाडीवर तो स्टीअरिंगला अधिक चपळ वाटत असे. दोन्ही टायर आपापल्या जागी उत्तम आहेत. या परीक्षणातला उणेपणा दोघांना एका गाडीला जुंपण्याचा आहे.

आता एकाच आसावर, म्हणजे डावीकडे एक आणि उजवीकडे दुसरा टायर लावण्याबद्दल. येथे माझे मत तडजोडीचे नाही. खड्ड्यात आपटून एका टायरला फुगा आला की दुकानदार म्हणतो, या मापाचा दुसऱ्या कंपनीचा एक आहे, तो टाकून देतो. तो टाकू देऊ नये. एक दांडगा आणि एक मऊ बैल एका जुवाखाली घातल्यावर औत जसे एका अंगाला जाते, तशी ब्रेक लावल्यावर ही गाडी एका अंगाला जाईल. तीही ओल्या रस्त्यावर आणि न सांगता. मागच्या आसावर आणखी एक अडचण आहे. २६५/४० आर १९ चा व्यास कागदावर सुमारे ६९५ मिलिमीटर भरतो. त्याच नावाचा ४ मिलिमीटर झिजलेला टायर व्यासाने ८ मिलिमीटर लहान होतो आणि प्रत्येक किलोमीटरला सुमारे पाच फेरे जास्त मारतो. हा फरक डिफरन्शियलला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणाऱ्या यंत्रणेला, सतत सोसावा लागतो, आणि त्या गतींतल्या फरकाला आवर घालणारे मर्यादित घसरणीचे डिफरन्शियल असेल तर ते सरळ रस्त्यावरही विनाकारण काम करत राहते. कागदावर एकच माप असलेल्या दोन कंपन्यांच्या टायरांचे प्रत्यक्ष व्यासही तंतोतंत सारखे नसतात. म्हणून एकाच आसावर टायर बदलायचा तर तो त्याच कंपनीचा, त्याच खुणेचा असावा आणि दोहोंच्या खोलीतला फरक ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा, हे पोर्शेचे धोरण मला पूर्ण मान्य आहे. आणि तसा टायर मिळत नसेल तर जोडीच बदलावी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत हाच व्यासाचा हिशेब पुढच्या आणि मागच्या आसांनाही लागू होतो, त्यामुळे माझ्या संचासारखा प्रयोग त्या गाड्यांच्या मालकांनी करूच नये.

रनफ्लॅट, म्हणजे हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे टायर, आणि साधे टायर मिसळण्याचा प्रश्न याहून निराळा आणि अधिक गंभीर आहे. जुन्या बीएमडब्ल्यू झेड ४ सारख्या गाडीवर कंपनीकडून आलेले रनफ्लॅट दणके देतात म्हणून कंटाळून फक्त एका आसावर साधे टायर बसवले जातात. हवा नसतानाही गाडीचा भार पेलण्यासाठी घडवलेली ताठ बाजू आणि साधी बाजू यांतला फरक कोणत्याही दोन कंपन्यांतल्या फरकापेक्षा मोठा असतो. तिथे चारही एकदम बदलणे हाच मार्ग आहे.

ज्या दुकानात मी हे काम करून घेतले त्याबद्दलही थोडे लिहिणे योग्य होईल. पुण्यातले हे दुकान मोठे आहे, मशीन रिमला ओरखडा न पाडणारे आहे, बॅलन्सिंगची वजने त्यांनी रिमच्या आतल्या बाजूला चिकटवली आणि चाकांचे बोल्ट शेवटी आवळण्याचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने १६० न्यूटन-मीटरवर आवळले. बहुतेक ठिकाणी हवेच्या गनने खडखड करून काम संपवतात, त्यापेक्षा हे फार वरचे आहे. मात्र पहिल्यांदा काढून ठेवलेल्या दोन टायरांच्या उत्पादनाच्या तारखांत वर्षाहून अधिक अंतर होते. टायरच्या बाजूवरील डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. ३५२२ असेल तर तो २०२२ सालच्या ३५व्या आठवड्यात बनला. दाखवून दिल्यावर त्यांनी कुरकुर न करता जवळच्या तारखांची जोडी आणून दिली. पण एकेक टायर पाच आकडी किमतीचा असताना ही तपासणी गिऱ्हाइकाने करावी लागणे बरे नव्हे. वेगाचे अक्षर आणि भाराचा आकडा त्यांनी स्वतः पडताळला, ही जमेची बाजू: मागच्या टायरांवरचे ‘वाय’ म्हणजे ताशी ३०० किलोमीटर आणि ९८ म्हणजे ७५० किलो, तिथे याच्या खाली जाणारा टायर स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नये.

ज्यांच्या गाडीची हमी किंवा विस्तारित हमी चालू आहे, त्यांनी टायर मागवण्याआधी हमीच्या अटी वाचाव्यात, कारण खुणेच्या टायरांची अट तिथे असू शकते. तशी अट असेल तर थांबणे आणि तोपर्यंत गाडी कमी वापरणे एवढेच हाती उरते. हमी संपलेल्या गाडीसाठी माझी पहिली पसंती चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नावाचे आणि बिनखुणेचे अशी आहे. माझ्या अनुभवात असा पूर्ण संच अर्ध्या खुणेच्या मिश्र संचापेक्षा निःसंशय चांगला चालला. चारांचा खर्च एकदम झेपत नसेल तर मागे नवी जोडी लावून, पुढची संपेपर्यंत मिश्र संच वापरायला माझी हरकत नाही, मात्र ट्रॅकवर जायचे असेल किंवा गाडी दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची असेल तर हरकत आहे. नव्या चालकाला त्या गाडीची सवय नसते आणि गाडीलाही आता तिची जुनी सवय राहिलेली नसते.

मागची जोडी घेतानाच त्याच नावाच्या पुढच्या जोडीची चौकशी करून ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. पुढचे टायर संपेपर्यंत टायर कंपन्या नवे नमुने आणतात. पायलट स्पोर्ट ४ एस नंतर पायलट स्पोर्ट एस ५ आलाच आहे, आणि जुन्या नमुन्याची मापे एकेक करून बाजारातून कमी होत जातात. माझ्या पुढच्या जोडीसाठी दुकानदाराला तीन शहरांतल्या गोदामांत फोन करावे लागले. आगाऊ रक्कम देऊन ती जोडी मागच्या जोडीबरोबरच राखून ठेवता आली असती तर बरे झाले असते, पण आयात केलेल्या टायरसाठी तशी व्यवस्था त्या दुकानात तरी नाही.